सातबाऱ्यावर न चढलेला बोजा

पुनावळ्यात कचरा डेपो होणार नाही, अशी घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात झाली. ती केली उद्योगमंत्री उदय सामंत यांनी. कचऱ्याच्या प्रश्नावर उद्योगमंत्र्याने बोलावे हा सभागृहातल्या सोयीचा भाग असेल. पण या पट्ट्यापुरते बोलायचे तर ते उत्तर योग्य खात्याकडून आले. पिंपरी-चिंचवडमध्ये कचरा, पाणी, रस्ता, घर, कशाचाही धागा ओढून पाहा, दुसऱ्या टोकाला कारखाना निघतो.

घोषणेनंतर पुनावळ्यातल्या सोसायट्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकावा. वन खात्याची सुमारे २६ हेक्टर जमीन, तिच्यावरची झाडे आणि आजूबाजूला उभी राहिलेली हजारो घरे, अशा ठिकाणी शहराचा कचरा आणून ओतणे शहाणपणाचे नव्हतेच. विरोध करणारे चुकले असे माझे म्हणणे नाही. माझा आरोप त्यानंतरच्या शांततेवर आहे. इथे नको, तर मग कुठे, हा प्रश्न त्या मोर्चांत किती जणांनी विचारला? उत्तर सगळ्यांना माहीत होते म्हणूनच तो विचारला गेला नाही. उत्तर होते मोशी. १९९१ पासून या शहराचा कचरा मोशीच्या ८१ एकरांवर पडतो आहे. तिथल्या माणसांनी तीस वर्षे वास घेतला, आगी लागल्या तेव्हा धूर घेतला, आणि आता २०२३ पासून तिथे वर्षाला अडीच लाख टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्पही आला आहे. पुनावळ्याच्या वाट्याला जे येऊ नये ते मोशीच्या वाट्याला राहिले, एवढाच त्या विजयाचा हिशेब आहे. आणि विजयी झालेल्या आपल्याला तो एकदाही मांडावासा वाटला नाही.

पुनावळे १९९७ साली महापालिकेत आले. वाकड, रावेत, किवळे, मामुर्डी अशी आजूबाजूची गावेही त्याच वेळी आली. त्याआधी हे पवनेच्या अंगाचे शेतकरी गाव. काटे वस्ती, कोयते वस्ती, माळवाडी ही नावे आजही बसच्या पाट्यांवर आणि फ्लॅटच्या जाहिरातींत टिकून आहेत, वस्त्या मात्र टॉवरच्या सावलीत गेल्या. मुंबई-बंगळूर महामार्ग गावाशेजारून गेला आणि शेताच्या बांधावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. फॅब्रिकेशनवाले, गोदामवाले, गॅरेजवाले, रेडिमिक्सवाले. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत ज्यांना प्लॉट परवडत नव्हता किंवा ज्यांना कुणी प्लॉट देणार नव्हते, ते मोठ्या कारखान्यांची किरकोळ कामे घेऊन असे कडेकडेने पसरले. मग हिंजवडीला राजीव गांधी आयटी पार्क आले, शेडच्या भाड्यापेक्षा चौरस फुटाचा भाव गोड लागू लागला, आणि शेड जाऊन वीस-बावीस मजले आले. आज महामार्गाखालच्या भुयारी मार्गात सकाळ-संध्याकाळ अडकलेली गाडी ज्या जमिनीवर उभी असते, तिने पन्नास वर्षांत नांगर, वेल्डिंगचे यंत्र आणि लिफ्ट हे तिन्ही पाहिले. त्या लिफ्टमधून वरखाली करणाऱ्यांना पहिली दोन ठाऊकही नाहीत.

ठाऊक नाहीत हे मी सौम्य शब्दांत म्हटले. ठाऊक करून घ्यायची नाहीत, हे खरे.

घर घेताना मराठी मध्यमवर्ग काय काय विचारतो याची यादी करून पाहा. दार पूर्वेला आहे का. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का. संडास ईशान्येला तर नाही ना. दक्षिणमुखी फ्लॅट दोन लाखांनी स्वस्त मिळत असला तरी सासूबाई नको म्हणतात. बिल्डर भूमिपूजन करतो, आपण वास्तुशांत करतो, दाराला लिंबू-मिरची लावतो. भूमीला हळदीकुंकू वाहणारा हा समाज भूमीला एकही प्रश्न विचारत नाही. इथे आधी काय होते? इथे कोणते तेल सांडले, कोणते आम्ल ओतले, कोणता गाळ पुरला? ज्या विहिरीवर बोअर मारली तिच्या वरच्या अंगाला काय चालायचे? गुरुजींना पाच हजार दक्षिणा देणाऱ्या घरमालकाने प्रयोगशाळेला बोअरच्या पाण्यातले शिसे आणि क्रोमियम तपासायचे पैसे दिले, असे सहसा ऐकायला मिळत नाही. वास्तुदोष आपल्याला दिसतो; खऱ्या वास्तूतला खरा दोष बघायची आपली तयारी नाही. आगरकरांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या अंधश्रद्धांवर कोरडे ओढले त्या खेडवळ, अशिक्षित माणसांच्या आहेत अशी आपली समजूत असते. इथल्या अंधश्रद्धा अभियंत्यांच्या आहेत, गृहकर्जावर घेतलेल्या आहेत.

गंमत अशी की बांधकामाआधी माती तपासली जाते. ती किती भार पेलेल, पाया किती खोल न्यावा लागेल, याचा अहवाल येतो, त्यावर अभियंत्याची सही असते. म्हणजे मातीला प्रश्न विचारायची पद्धत आपल्याला येते. फक्त प्रश्न इमारतीच्या बाजूने विचारला जातो, राहणाऱ्याच्या बाजूने नाही. वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. त्यात जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते येते; जमिनीत काय गेले ते येत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचे पीककर्ज चढते, बँकेचा बोजा चढतो, विहिरीतल्या हिश्श्याची नोंद होते. पन्नास वर्षांच्या कारखानदारीने या मातीवर, या नदीवर आणि इथल्या माणसांवर जो बोजा ठेवला, तो चढवायला तलाठ्याच्या दप्तरात रकाना नाही. म्हणून तो नाहीच, असे आपण धरून चालतो.

कचरा डेपोचे आरक्षणही असेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते २००८ चे. बहुतेक टॉवर त्यानंतरचे. विकास आराखड्याचा नकाशा गुप्त दस्तऐवज नसतो. महापालिकेत जाऊन पाहता येतो. बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाला डेपोची जागा माहीत होती आणि डेपोची जागा ठरवणाऱ्या कार्यालयाला परवानग्या माहीत होत्या, कारण दोन्ही एकाच महापालिकेची. बिल्डरने माहितीपत्रकात तलाव छापला, जॉगिंग ट्रॅक छापला, शेजारचे हिरवे वन छापले. बँकेने कर्ज दिले. आणि आपण? कुठल्या मजल्यावरून डोंगर दिसतो तेवढे पाहून टोकन दिले. पुढे फसवणूक झाली म्हणून ओरडलो. फसवणूक झालीच होती. पण साडी घेताना पदर उलगडून बघणारा आणि भाजी घेताना मेथीची जुडी सोडून दाखवायला लावणारा माणूस ऐंशी लाखांच्या व्यवहारात नकाशा उघडत नाही, याला भाबडेपणा म्हणता येत नाही. त्याला भाव वाढणार होता. भाव वाढणार असेल तर प्रश्न कमी विचारायचे, हे तो बिल्डरइतकेच जाणत होता.

या शहराचा जन्म कसा झाला ते आता सांगायला हवे, कारण ते विसरण्यातच आपली सोय आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलिन बनवणारा हा स्वतंत्र भारताचा पहिला सरकारी औषध कारखाना. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरीची कोरडवाहू जमीन प्लॉटांत वाटली गेली. टेल्को आली, बजाज आली, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे हजारो लहान उद्योग आले. मराठवाड्याचा, सोलापूरचा, सातारा-सांगलीचा, कोकणचा तरुण लोखंडी ट्रंक घेऊन इथे उतरला. त्याला राहायला घर हवे म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघाले. उद्देश स्पष्ट होता: कामगाराला परवडणारे, नीट आखलेल्या नगरातले घर. त्यासाठी निगडी, आकुर्डी, चिखली, मोशी, भोसरी, वाकड, थेरगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. हो, त्यात मोशीसुद्धा.

आज निगडी प्राधिकरणात जाऊन कामगाराचे घर शोधून दाखवा. बंगले दिसतील, गुलमोहर दिसतील, बंगल्यांवर परदेशी गेलेल्या मुलांची वाट बघणारे आईवडील दिसतील. कामगार चाळीतून झोपडीत गेला आणि झोपडीतून तळवडे-चिखलीच्या अर्ध्या गुंठ्यावरच्या अनधिकृत घरात. त्या घराला पुढे शास्तीकर लागला. ज्यांची जमीन गेली त्यांचे काय? १९८४ नंतर ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के जमिनीचा परतावा ठरला. १९७२ ते १९८३ मध्ये ज्यांनी आधी दिली त्यांचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. आधी देणाऱ्याला शेवटी बसवायचे हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुनाच न्याय आहे. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित झाले. कामगाराला घर देण्याचे वचन पाळले की नाही याचा जाहीर हिशेब न होताच ते महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विरघळले, आणि शहरात त्याबद्दल कुणी सुतक पाळले नाही.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे पुढे काय झाले तेही ऐका. कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी कंपनीची जादा जमीन विकायला मान्यता दिली. ज्या कारखान्याच्या औषधाने या देशातली लेकरे न्यूमोनियातून वाचली, त्याची शेवटी किंमत उरली ती त्याच्या माळरानाची. मुंबईच्या गिरण्यांचे याहून वेगळे काय झाले? १९८२ चा संप, मग बंद गिरण्या, मग १९९१ ची नियमावली: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना, उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्या नियमातला शब्द असा हलला की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. गिरणगावात आता काचेचे मनोरे आहेत. पुण्याच्या माणसाला गिरणगावाची हळहळ फार. नाटक बघतो, सिनेमा बघतो, उसासे टाकतो. स्वतःच्या चिंचवडबद्दल मात्र त्याला काही वाटत नाही, कारण इथे तो प्रेक्षक नाही, गिऱ्हाईक आहे.

आणि मुलगाही आहे. इथल्या टॉवरमधल्या किती जणांचे वडील टेल्कोत होते, बजाजमध्ये होते, एखाद्या प्रेसशॉपमध्ये दोन बोटे गमावून निवृत्त झाले? एके काळी ‘टेल्कोत लागलाय’ एवढ्या दोन शब्दांवर मुलगी दिली जायची. कॅन्टीनचे जेवण, कामगार पतपेढीचे कर्ज, दिवाळीचा बोनस, यांवर मुले इंजिनिअर झाली आणि हिंजवडीला गेली. त्या मुलांना आता घराच्या खिडकीतून चिमणी दिसलेली चालत नाही. वारसाने मालमत्तेला नाव लावायचे आणि बापाचे कर्ज मागायला कुणी आले तर ओळख दाखवायची नाही, असे हे चालले आहे. कारखान्याने दिलेला पगार, शिक्षण, रस्ता, ‘आशियातली श्रीमंत महापालिका’ ही मिरवणूक, हे सगळे आपले. त्याचा धूर, गाळ, भंगार आणि थकलेला कामगार दुसऱ्या कुणाचे.

भंगारावरून कुदळवाडी आठवते. चिखलीजवळच्या या वस्तीत औद्योगिक पट्ट्याचे भंगार कित्येक वर्षे जमा होत होते, वेगळे होत होते, पुन्हा कारखान्यात जात होते. तिथे बेकायदा बरेच होते, आगी लागत होत्या, धुराने लोकांचे जीव नकोसे होत होते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने बुलडोझर घातला आणि आठवड्याभरात चार हजारांच्या वर बांधकामे जमीनदोस्त केली. शेजारच्या नव्या वसाहतींत समाधान पसरले. पण ते भंगार कुदळवाडीत पिकत नव्हते. ते ज्यांच्या गाड्या, फ्रीज, यंत्रे आणि खोकी होती त्यांनी एकदाही विचारले नाही, की आता हे कुठे जाणार आणि कोण निवडणार. डोंबिवलीत २०१६ ला प्रोबेस आणि २०२४ ला अमुदान या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाला तेव्हाही घातक कारखाने पाताळगंगेला हलवण्याच्या घोषणेने आपले समाधान झाले. पाताळगंगेला माणसे राहत नाहीत काय? भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत उचलला, तोही अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरच्या लोकांच्या दारात नेऊन जाळायला. आपली स्वच्छता म्हणजे दुसऱ्याच्या दाराचा पत्ता.

जमिनीत पुरलेले वर येते, हे अमेरिकेच्या नायगारा फॉल्स गावाने जगाला शिकवले. तिथे लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. विक्रीपत्रात लिहिले होते की खाली रसायने आहेत. वाचूनही शाळा बांधली, भोवती घरे झाली. सत्तरच्या दशकात तळघरांत काळे पाणी झिरपू लागले, मुले आजारी पडू लागली, आणि १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. त्यातून १९८० चा कायदा झाला, दूषित जमिनी साफ करायचा खर्च दूषित करणाऱ्याकडून वसूल करणारा. आपल्याकडे तसे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये काढले. पंचेचाळीस वर्षांनी. या पंचेचाळीस वर्षांत या पट्ट्यात किती शेड पाडून किती इमारती झाल्या याचा हिशेब मनातल्या मनात करा. पुनावळ्याच्या अमुक इमारतीखाली विष आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला तपासणी लागते. तपासणी कुणी मागतच नाही, हा माझा मुद्दा आहे. बंद कारखान्याच्या जागी घरे बांधायची तर कामगारांची देणी भागल्याचा दाखला लागतो, सार्वजनिक सुविधांना काही जागा सोडावी लागते. मातीच्या दाखल्याचा हट्ट ना गिऱ्हाईक धरते ना कर्ज देणारी बँक.

गावकऱ्यांनाही यातून सोडता येणार नाही. नव्याने आलेल्यांना ‘बाहेरचे’ म्हणून हिणवणारे मूळ गावकरी या व्यवहारात बसलेले होतेच. जमीन विकली, गळ्यात सोने घातले, गुंठामंत्री म्हणून मिरवले, बैलगाडा शर्यतीला ट्रॅक्टर आणि बुलेट बक्षीस लावले. विकायचा हक्क त्यांचा होता. कोरडवाहू शेतकऱ्याने शतकभर दारिद्र्य सोसले, त्याला चार पैसे मिळाले तर पोटदुखी होण्याचे कारण नाही. पण ती जमीन एकट्या भावांची होती का? महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षे आधी. पुनावळे-वाकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आला तो त्यानंतर. नेमक्या त्याच काळात या गावांतल्या बहिणी निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून हक्कसोडपत्रावर सह्या करत होत्या. कुणाला साडी मिळाली, कुणाला भाऊबीजेची ओवाळणी जरा जाड मिळाली, कुणाला ‘माहेर तुटेल’ एवढी धमकी पुरली. कोटीच्या जमिनीचा हिस्सा भावाच्या मायेवर ओवाळून टाकायला लावणारा हा रिवाज ज्या घरांत चालला, त्याच घरांत नवरात्रात नऊ दिवस देवीचे घट बसतात. आणि या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या, नावावर वीतभर नसलेल्या शेतमजुराला तर हक्क सोडायलाही कुणी बोलावले नाही.

इमारती बांधल्या कुणी? वाकड-डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणाऱ्यांनी. बीड-परभणीच्या, कलबुर्गीच्या, बिहार-झारखंडच्या माणसांनी. ती पत्र्याच्या खोल्यांत राहिली, इमारत झाली तशी खोल्या उचलून पुढच्या साइटवर गेली. सोसायटीच्या स्मरणिकेत बिल्डरचे, समितीचे, गणेशोत्सवाच्या देणगीदारांचे फोटो असतात. आता त्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना वेगळी लिफ्ट असते, आणि गेटवर त्यांची पिशवी तपासली जाते. नोकरी देणाऱ्याच्या मुलाची बॅग तपासायचे धाडस वॉचमनला होणार नाही, व्हायला हवे असे कुणी सुचवणारही नाही.

ज्या डिसेंबरात पुनावळ्याचा डेपो रद्द झाला त्याच महिन्यात, ८ तारखेला, तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलझडी-मेणबत्त्या बनवणाऱ्या एका परवानगी नसलेल्या शेडला आग लागली. सहा जण जागीच जळून मेले, पुढे रुग्णालयात आणखी काही. त्या मेणबत्त्या कुणाच्या केकवर लागत होत्या? त्याआधी दोन महिने, ८ ऑक्टोबरला, ताथवड्यात टँकरमधून गॅस चोरून सिलिंडरांत भरताना स्फोट झाले, शेजारी उभ्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. हे पुनावळ्याच्या वेशीवर. म्हणजे उद्योग इथून गेलेलाच नाही. त्याचा चांगला पगार आणि सुरक्षेचे नियम चाकणच्या मोठ्या दरवाजांच्या आत राहिले. नियम नसलेला, विमा नसलेला, पाटी नसलेला अर्धा भाग आपल्या इमारतींच्या मागे लपून आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. तो रविवार आज आपण ब्रंच म्हणून साजरा करतो. तळवड्याच्या शेडमधल्या बाईला तो आजही मिळालेला नाही.

आता पाणी. पुनावळ्यापासून हाकेच्या अंतरावर रावेतचा बंधारा आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी तिथून उचलून निगडीला जाते आणि शहर पिते. धरणात ज्यांची गावे गेली त्यांच्यातली शेकडो कुटुंबे पन्नास वर्षे पुनर्वसनाच्या कागदासाठी हेलपाटे घालत आहेत. धरणापासून बंद जलवाहिनी टाकायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळते. आपल्या संतापाची सगळी ताकद त्या ‘दिवसाआड’वर खर्च होते. टँकरचे बिल वाढले की व्हॉट्सॲपवर रात्री बारापर्यंत भांडणे. पण त्याच इमारतीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा संच असतो, भोगवटा दाखला मिळेपर्यंत तो चालू असतो, पुढे विजेचे बिल परवडत नाही म्हणून अनेक ठिकाणी बंद पडतो, आणि मैला नाल्यातून पवनेत जातो. खाली थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर फेस तरंगला की आपण मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून कारखान्यांना शिव्या घालतो. कारखाने दोषी आहेतच. पण शहराचे सांडपाणी कारखान्याच्या नावावर खपवण्याची ही सवय सोयीची आहे.

ओल्या कचऱ्याचेही तेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना, आणि मोठ्या गृहसंकुलांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. महापालिका ते लावायला निघाली तेव्हा सोसायट्यांनी कर भरतो तर कचरा का जिरवू, असा प्रश्न केला, आणि पुढाऱ्यांनी मतांकडे बघून स्थगितीची भाषा केली. डेपो नको आणि खतखड्डाही नको. मग कचरा मोशीला जातो. उत्तर तिथेच येऊन थांबते.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत विषयपत्रिकेवर पार्किंग असते, भटकी कुत्री असतात, अविवाहित भाडेकरू ठेवावेत की नाही यावर तासभर वाद होतो. यंदा आणखी तीन विषय घाला. बोअरच्या पाण्याची जड धातूंसाठी तपासणी, आणि अहवाल फलकावर. सांडपाणी संचाचा महिन्याचा वीजवापर, तोही फलकावर. आणि इमारतीच्या जागेवर १९७० पासून काय काय होते याची नोंद, गावातल्या जुन्या माणसांना विचारून, शेडमध्ये काम केलेल्यांना शोधून, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करून. नव्या नियमांत संशयित दूषित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनाने द्यायचा आहे. त्यांना नागरिकांनी कळवायला कुणाची मनाई नाही. ठराव मांडणारा उभा राहील तेव्हा काय होईल तेही सांगून ठेवतो. पहिल्या रांगेतून कुणीतरी उठेल आणि विचारेल, हे कागदावर आले तर रिसेलला किती फरक पडेल?